गावातल्याच माणसांचं अप्रेझल करायचं तर

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या कुंडई इंडस्ट्रियल इस्टेटमधे औषधी गोळ्यांच्या पॅकिंगचं लहान युनिट, विचारणारे स्वतः तिथे आधी ऑपरेटर होते, गेल्या वर्षी सुपरवायझर झाले. हाताखाली ११ माणसं, त्यातली निम्मी कालपर्यंत बरोबर बसून डबा खाणारी आणि तिघं तर त्यांच्याच वाड्यावरची. मालकाने मार्चअखेर अप्रेझलचा, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचा, एक फॉर्म हातात ठेवलाय, त्यात प्रामाणिकपणा, निष्ठा, शिस्त, वेग, टीमवर्क असे दहा रकाने, प्रत्येकात १ ते ५ मार्क, आणि वर अट की ५ फक्त दोघांना द्यायचे आणि १ निदान एकाला तरी द्यायचाच. एक काका आहेत, रिटायरमेंटला आलेले, हळू झालेत. एक पोरगा आहे, हात झकास चालतो पण महिन्यातून तीन-चार वेळा गायब. एक बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत. तर कोणाला किती द्यायचे आणि तोंडावर सांगायचं कसं.

मी वेर्ण्याच्या फार्मा कंपन्यांमधे एचआरला बरीच वर्षं काढली, आता फोंडा-डिचोलीकडच्या लहान युनिटांना आणि दोन-चार हॉटेलांना हेच काम करून देतो. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, मार्कांपासून सुरुवात करू नका. तो फॉर्म बाजूला ठेवा आणि दोन संध्याकाळी रेकॉर्ड घेऊन बसा. पॅकिंगमधे तुमच्याकडे जेवढं लिहिलेलं असतं तेवढं हॉटेलवाल्याकडे किंवा दुकानवाल्याकडे कधीच नसतं, बॅच पॅकिंग रेकॉर्ड आहे, शिफ्टचं लॉगबुक आहे, ब्रेकडाऊन रजिस्टर आहे, लाइन क्लिअरन्सच्या सह्या आहेत, रिजेक्शनचे आकडे आहेत, ट्रेनिंग रेकॉर्ड आहे, टाइम ऑफिसचं मस्टर म्हणजे हजेरीपुस्तक आहे. प्रत्येक माणसाच्या नावाने एकेक कोरा कागद घ्या आणि त्यावर फक्त घडलेल्या गोष्टी लिहा, तारीख, काय केलं, त्याने काय झालं. "चांगला आहे", "आळशी आहे" असले शब्द त्या कागदावर येऊच द्यायचे नाहीत. "जुलैमधे रात्री कोडिंगचा प्रिंट पुसट येत होता ते यानेच पहिलं पकडलं, लाइन थांबवली, क्यूएला (क्वालिटी तपासणाऱ्यांना) बोलावलं" हे चालेल. "कामसू" चालणार नाही.

आणि एप्रिल ते मार्च सगळे महिने बघा. माणसाला शेवटचे दोन-तीन महिनेच आठवतात, हा सगळ्यांचाच दोष आहे, त्यात शहाणा-वेडा असा फरक नाही. हॉटेलात मी दरवर्षी बघतो, डिसेंबरच्या गर्दीत कोण धावला ते मार्चपर्यंत साहेबाच्या डोक्यात थोडं तरी शिल्लक असतं, पण जून-जुलैच्या पावसात रूम रिकाम्या असताना गाद्या, पडदे, एसी सगळं एकट्याने मार्गी लावणारा हाऊसकीपिंगचा माणूस पार विसरला जातो. तुमच्याकडे तसंच काहीतरी असणार. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आठवड्यात अर्धी लाइन रिकामी असते तेव्हा कोण आलं होतं, किती जणांनी डबल शिफ्ट ओढली, हे मस्टरमधे दिसेल. उलट बाजूने हेही लक्षात ठेवा की चवथीला ज्याने रीतसर मंजूर रजा घेतली त्याच्या खात्यात ती वजा धरायची नाही. रजा दिली तुम्हीच, मग मार्क कापायचे कसले.

आता तो फॉर्म. निष्ठा ४ म्हणजे काय? ३ वाल्याची निष्ठा नक्की कुठे कमी पडली? कोणालाच सांगता येणार नाही, मालकालाही नाही. असले गुण मोजायला गेलं की आपण त्या माणसाला आपल्या आवडीनिवडीचे मार्क देतो आणि कागदावर नाव निष्ठेचं. यावर उपाय नवा नाही, अमेरिकेत स्मिथ आणि केंडॉल या दोघांनी १९६३ मधे मांडला होता आणि लहान युनिटात तो आजही उत्तम चालतो. जे काम करतात त्यांनाच विचारायचं की या कामात चांगलं म्हणजे काय करताना बघितलंस आणि वाईट म्हणजे काय, आणि त्या उदाहरणांवरून १ काय, ३ काय, ५ काय हे आधीच लिहून ठेवायचं. उदाहरण म्हणून लाइन क्लिअरन्स घ्या, तुम्हाला माहीतच आहे पण इतरांसाठी सांगतो, नवीन बॅच लावायच्या आधी जुन्या बॅचच्या गोळ्या, फॉइल, कार्टन, माहितीपत्रकं यातलं काहीएक लाइनवर राहिलेलं नाही हे बघून सही करायची, कारण एका औषधाच्या खोक्यात दुसऱ्याचं पत्रक गेलं तर पेशंटच्या जिवाशी खेळ आहे. इथे १ म्हणजे सही आधी आणि बघणं नंतर, किंवा क्यूएला मागचं कार्टन सापडलं. ३ म्हणजे चेकलिस्टप्रमाणे सगळं बघितलं, क्यूएला काही सापडलं नाही. ५ म्हणजे चेकलिस्टमधे नसलेली जागाही बघितली, कन्व्हेअरखाली वाकून, रिजेक्शनचा डबा उलटा करून, आणि नवीन हेल्परला दाखवलं की इथे गोळी अडकते बरं का. आता मार्क द्यायला तुम्हाला डोकं खाजवावं लागणार नाही, आणि समोरच्यालाही भांडायला जागा कमी राहते. चार-पाच महत्त्वाच्या कामांसाठी असं लिहा. दहाच्या दहा रकान्यांना नको, कंटाळाल आणि शेवटचे पाच उरकून टाकाल.

मार्क भरताना एक साधी युक्ती. एका माणसाचा अख्खा फॉर्म भरून मग दुसऱ्याचा घेऊ नका. एक रकाना घ्या, लाइन क्लिअरन्स म्हणा, त्यात अकराही जणांना मार्क द्या, मग दुसरा रकाना. कारण एखादा माणूस एका बाबतीत आपल्याला आवडला की बाकी सगळ्या बाबतीत चांगलाच वाटायला लागतो. थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२० मधे लष्करातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले मार्क तपासले तेव्हा हेच दिसलं होतं, शरीरयष्टीचे, बुद्धीचे, नेतृत्वाचे, स्वभावाचे मार्क एकमेकांशी इतके जुळत होते की प्रत्यक्षात तसं असणं शक्यच नाही. आणि २००० सालच्या एका अभ्यासात तर असं निघालं की हजारो मॅनेजरांना त्यांच्या वरिष्ठांनी, सहकाऱ्यांनी, हाताखालच्यांनी दिलेल्या मार्कांमधल्या फरकापैकी निम्म्याहून जास्त फरक मार्क देणाऱ्याच्या स्वतःच्या सवयीमुळे होता, म्हणजे कोणाचा हात सैल, कोणाचा आखडता. म्हणून एकट्याने ठरवू नका. क्यूएचा शिफ्ट इन्चार्ज आणि मेंटेनन्सचा माणूस, या दोघांना प्रत्येकी अर्धा तास विचारा, पण "कसा आहे हो तो" असं नाही. विचारा की वर्षभरात याचं कुठलं काम लक्षात राहिलं, चांगलं किंवा वाईट. मेंटेनन्सवाल्याला बरोबर माहीत असतं की मशीन कोण नीट चालवतो आणि कोण धोपटतो.

आता खरी अडचण, जी तुम्ही अर्ध्या वाक्यात सांगून सोडून दिलीत, की तिघं वाड्यावरचे आहेत. गोव्यातलं अप्रेझल इथेच फसतं. मुंबई-पुण्यात सुपरवायझर संध्याकाळी घरी गेला की संपलं, आपल्याकडे तोच माणूस जत्रेला भेटतो, त्याचा मेहुणा देवळाच्या कमिटीवर तुमच्या शेजारी बसतो, त्याच्या आईने तुमच्या बहिणीच्या लग्नात पंगत वाढलेली असते. मग काय होतं, सगळ्यांना ४. कोणी दुखावत नाही, कोणाशी बोलायला लागत नाही, मालक म्हणतो छान. मी बघितलेल्या बहुतेक लहान युनिटांत मागच्या पाच वर्षांचे फॉर्म काढा, ३ आणि ४ शिवाय आकडा सापडत नाही. आणि याची किंमत ढिला माणूस देत नाही, ती देतो तुमचा सगळ्यात चांगला माणूस. त्याला दिसतं की मी रात्री थांबलो, त्याने टाळाटाळ केली, दोघांचं इन्क्रिमेंट सारखं. तो भांडत नाही, वेर्ण्याच्या एखाद्या मोठ्या कंपनीत इंटरव्ह्यू देऊन येतो आणि एक दिवस राजीनामा टेबलावर. मग आपण म्हणतो आजकालच्या पोरांना निष्ठा नाही.

यातून सुटायला तो तारखांचा कागदच उपयोगी पडतो. वाड्यावरच्या माणसाला "तू कमी पडतोस" म्हणणं जड जातं, कारण ते तुमचं मत वाटतं आणि मतावरून नाती तुटतात. "सप्टेंबर, नोव्हेंबर आणि फेब्रुवारीत तीन वेळा चेंजओव्हरला दुप्पट वेळ लागला, हे लॉगबुक बघ" (चेंजओव्हर म्हणजे एक औषध संपलं की दुसऱ्यासाठी लाइन बदलून घेणं) हे सांगायला तेवढं जड नाही, कारण ते पुस्तक दोघांच्या मधे असतं. दुसरं पथ्य म्हणजे हे बोलणं केबिनमधेच करायचं. चहाच्या गाड्यावर नाही, बसस्टॉपवर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नाही, आणि मेहुण्यामार्फत निरोप तर कधीच नाही. कोणी गावात विषय काढलाच तर हसून "ते कंपनीत बोलू" म्हणायचं आणि विषय बदलायचा. दोनदा असं केलंत की तिसऱ्यांदा कोणी काढत नाही.

भाषेचंही सांगून ठेवतो. फॉर्म इंग्रजीत, माणूस घरी कोकणी-मराठी बोलणारा, आणि आपण त्याची सही घेतो अशा कागदावर जो त्याने वाचलेलाच नाही. मग मालकाला वाटतं याने मान्य केलं. त्याच्या भाषेत वाचून दाखवा, शेवटची दोन वाक्यं तरी मराठीत लिहा, झारखंड-ओडिशाकडचा हेल्पर असेल तर हिंदीत समजवा. आणि हो, कंत्राटदाराची माणसं तुमच्या ११ मधे धरलेली असतील तर ती आधी वेगळी करा, त्यांचा कायदेशीर मालक कंत्राटदार आहे, तुमच्या कंपनीच्या फॉर्मवर त्यांना मार्क द्यायला जाऊ नका, कामाबद्दल काय म्हणायचं ते कंत्राटदाराला कळवा.

दोघांनाच ५ आणि एकाला १ पाहिजेच, ही अट. ही कुठून आली ते सांगतो. जनरल इलेक्ट्रिकमधे जॅक वेल्च १९८१ ते २००१ प्रमुख होते, त्यांनी वरचे २० टक्के, मधले ७०, खालचे १० अशी वाटणी गाजवली, दरवर्षी खालच्या १० टक्क्यांना दार दाखवायचं. मग जगभर सगळ्यांनी ती उचलली, आपल्याकडच्या आयटी कंपन्यांनीही, तिथून ती कुठल्यातरी सेमिनारमार्गे तुमच्या मालकापर्यंत आली असणार. मायक्रोसॉफ्टने २०१३ मधे तशी जबरदस्तीची वाटणी बंद केली, कारण माणसं कामापेक्षा एकमेकांना खाली खेचण्यात हुशार व्हायला लागली होती. हजारो माणसांत तरी अशी वाटणी थोडीफार बसते. अकरा जणांत १० टक्के म्हणजे एक माणूस आणि वर एकाचा दहावा भाग. तुमच्या अकरापैकी अकरा जण चांगले असू शकतात, किंवा चार जण खरोखर ढिले असू शकतात. आधीच ठरवून टाकलेला एकाचा बळी हा बकरा शोधण्याचा प्रकार झाला.

पण मालकाशी वाद घालू नका, वाद घातलात तर तो म्हणेल सुपरवायझर माणसं पाठीशी घालतो. त्याच्या मनात काय असतं ते ओळखा, त्याला भीती पगारवाढीच्या बजेटची असते. सगळ्यांना ४ आणि ५ दिले तर सगळे वाढ मागतील ही ती भीती. मग त्याला सरळ विचारा की यंदा आमच्या सेक्शनला एकूण किती रक्कम आहे. समजा अकरा जणांचा सरासरी पगार १८,००० आणि त्याने ८ टक्के ठरवलेत, तर महिन्याला १५,८४० रुपये वाटायला आहेत. सारखे वाटले तर प्रत्येकी १,४४०. पण तिघांनी खरोखर जास्त केलंय असं कागद सांगत असेल तर त्यांना २,२०० द्या, सातजणांना १,२०० आणि एकाला, ज्याच्याबद्दल लेखी कारण आहे, त्याला ८४०. बेरीज करून बघा, १५,८४० च येतात. एक रुपया जास्त गेला नाही, आणि कोणाच्या कपाळावर १ चा शिक्काही नाही मारला. हा हिशेब टाइप करून मालकासमोर ठेवला की निम्म्याहून जास्त मालक अट सोडतात, असा माझा अनुभव आहे.

इथेच एक गोष्ट, चवथीच्या आधी मिळणारा बोनस यात मिसळू नका. पात्र कामगाराला निदान ८.३३ टक्के बोनस हा कायद्याने आहे, तो कामाच्या मार्कांवर कमी करता येत नाही. "मार्क कमी आले तर बोनस कापू" असली धमकी सुपरवायझरने देऊ नये, कोणीतरी लेबर ऑफिसला जाईल आणि फजिती तुमची होईल.

आता तुमची तीन माणसं.

काका आधी, कारण त्यांच्याबद्दल लिहिताना तुमचाच हात थरथरतोय असं वाटलं. आकडा काढताना बघा की ते कुठल्या मशीनवर असतात. जुन्या माणसाला जुनं मशीन देतात, त्यांनाच ते सांभाळता येतं म्हणून, आणि मग आऊटपुट कमी म्हणून मार्क त्यांचेच जातात. ब्रेकडाऊन रजिस्टर उघडा, त्या ब्लिस्टर मशीनचे (गोळ्या फॉइलच्या पट्टीत बंद करणारं मशीन) बंद पडलेले तास वजा करा, मग किती उरतं ते बघा. क्वालिटीच्या क्षेत्रातले डेमिंग वार्षिक रेटिंगला कंपन्यांच्या जीवघेण्या रोगांपैकी एक म्हणायचे, त्यांचं म्हणणं असं की आपण ज्याला माणसाची कामगिरी म्हणतो त्यातला मोठा भाग मशीनचा, मालाचा, ट्रेनिंगचा, म्हणजे एकूण व्यवस्थेचा असतो, आणि ती व्यवस्था बदलायचे अधिकार कामगाराकडे नसतात. मी काही रेटिंग बंदच करा म्हणणाऱ्यांतला नाही, लहान युनिटात काही ना काही मोजावंच लागतं. पण हा प्रश्न प्रत्येक कागदावर विचारा: याच मशीनवर, याच शिफ्टला दुसरा माणूस ठेवला असता तर आकडा बदलला असता का? नसेल बदलत तर त्या रकान्यात त्याचे मार्क कापू नका, वर लिहा की मशीन दुरुस्त करा. मशीन बाजूला काढूनही काका हळूच असतील तर तेही लिहा, वेगाचे २ द्या, खोटे ४ देऊन त्यांचा मान राहत नाही. पण मग चेंजओव्हर आणि नवीन पोरांचं ट्रेनिंग याचे मार्क वेगळे धरा, आणि पुढच्या वर्षी त्यांना वेगाच्या लाइनवरून काढून त्या कामाला लावता येतं का ते मालकाशी बोला.

गायब होणाऱ्या पोराचे दोन वेगळे विषय आहेत आणि ते एकत्र कालवले जातात. कामाचा वेग आणि सफाई एका बाजूला, न सांगता गैरहजर राहणं दुसऱ्या बाजूला. दुसरी गोष्ट शिस्तीची आहे, ती त्या त्या महिन्यात मेमो देऊन, बोलावून हाताळायची असते, वर्षभर गप्प बसून मार्चमधे हिशेब चुकता करायची नव्हे. आणि आधी मस्टर बघा कुठल्या शिफ्टला गायब होतो. सगळे खाडे पहिल्या शिफ्टचेच असतील आणि पोरगा वाळपईच्याही पलीकडून येत असेल तर पहाटेची बस मिळते का हे विचारा, शिफ्ट बदलून प्रश्न मिटत असेल तर मार्क कापून काय मिळवलं? सोमवारचेच खाडे असतील तर मग विषय वेगळा आहे, तो तुम्हाला मी सांगायला नको.

रजेवरच्या बाईंबद्दल वाद नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली तेव्हापासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, आता हीच तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. जेवढे महिने त्या कामावर होत्या तेवढ्याच महिन्यांचे मार्क द्या, रजेचा काळ रिकामा सोडा, शून्य म्हणून सरासरीत धरू नका आणि "यंदा सोयीचं म्हणून" तो १ त्यांच्या नावावर तर अजिबात टाकू नका. हे मी मुद्दाम लिहितोय कारण एका युनिटात नेमकं हेच केलेलं बघितलंय, बाई परत आल्या त्या सरळ वकिलाला घेऊन.

बोलायचं कसं यावर माझं मत थोडं वेगळं आहे. सगळे सांगतात फीडबॅक द्या, भरपूर द्या. १९९६ मधे क्लुगर आणि डेनिसी यांनी तोवरचे ढीगभर प्रयोग एकत्र करून बघितले, सरासरीत फीडबॅकने काम सुधारतं हे खरं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम उलट बिघडलं होतं. त्यांनी लावलेला अर्थ असा की बोलणं कामावरून घसरून माणसाच्या स्वतःवर गेलं, तो कसा आहे यावर गेलं, की फीडबॅकचा उपयोग कमी होतो, कौतुक असलं तरी. म्हणजे "तू लय हुशार आहेस पण बेफिकीर आहेस" हे वाक्य दोन्ही टोकांनी वाया. "कार्टन कोडिंगला तुझ्या शिफ्टमधे वर्षभरात एकही तक्रार नाही, पण शिफ्ट बदलताना लॉगबुक अर्धवट राहतं, जानेवारीत पुढच्या शिफ्टला कुठून सुरू करायचं ते कळलं नाही आणि लाइन पाऊण तास बंद होती" हे कामाचं बोलणं झालं.

प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास द्या, आदल्या दिवशी सांगून ठेवा, लाइनवरून अचानक उचलून आणू नका. आधी त्यालाच बोलू द्या, यंदा काय बरं झालं, काय अडलं. आपली माणसं पहिल्यांदा काहीच बोलत नाहीत, "सगळें बरें आसा" म्हणतील आणि फरशीकडे बघत बसतील. तुम्ही गप्प राहा. दोन मिनिटं जड जातील, मग बाहेर येतं, आणि बऱ्याचदा असं काही बाहेर येतं जे रजिस्टरमधे नव्हतं. मी तर म्हणेन कालपर्यंतच्या डब्याच्या सोबत्यांशी बोलताना सुरुवातीलाच सांगून टाका, "बाबा रे, मैत्री आहे ती आहेच, पण हा अर्धा तास मी सुपरवायझर आहे." त्यांनाही ते हवं असतं, मैत्रीच्या सुरात नोकरीचं ऐकायला जास्त अवघड जातं. ती गोड-कडू-गोड सँडविचची पद्धत सोडून द्या, आता हेल्परलासुद्धा ती माहीत आहे, कौतुक सुरू झालं की तो "पण" ची वाट बघत बसतो.

पैशाचं बोलणं त्या दिवशी करू नका. वेगळ्या दिवशी, निदान आठवड्याने. आकडा कानावर पडला की माणूस पुढचं काही ऐकत नाही, डोक्यात ईएमआयचा हिशेब सुरू होतो.

आणि अख्खा कागद दाखवा. इथे एक कोर्टाची केस सांगण्यासारखी आहे. देव दत्त नावाचे सीमा रस्ते संघटनेतले इंजिनिअर, त्यांना एका वर्षाच्या गोपनीय अहवालात "चांगला" शेरा होता, प्रमोशनला "खूप चांगला" लागत होता, आणि तो शेरा त्यांना कधी कळवलाच नव्हता, त्यामुळे त्याविरुद्ध बोलायची संधीच मिळाली नाही. सुप्रीम कोर्टाने मे २००८ मधे सांगितलं की सरकारी नोकराच्या अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वाईट असो, त्याला कळवलीच पाहिजे. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने पद्धतच बदलली, अहवालाच्या नावातला "गोपनीय" गेला आणि पूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवायला लागले. सरकारी नोकरीतल्या कोणालाही विचारा. हा निकाल तुमच्या खाजगी कंपनीला लागू नाही, पण त्यातला युक्तिवाद कुठेही लागू पडतो: ज्याला माहीतच नाही की आपल्याबद्दल काय लिहिलंय तो सुधारणार कसा आणि चूक असेल तर सांगणार कसा. खाली चार ओळी रिकाम्या ठेवा, त्याला पटलं नाही तर त्याच्या हाताने लिहू दे. लिहिलेलं खोडू नका, तसंच मालकाकडे पाठवा.

एखादा खरोखर ढिला निघाला तर? लेखी प्लॅन द्या, दोन-तीन महिन्यांचा, त्यात काय सुधारायचं, किती, आणि कंपनी त्याला काय मदत देणार तेही. मदतीचा रकाना रिकामा असला की तो प्लॅन नसतो, घरी पाठवायची तयारी असते, आणि माणसाला ते लगेच कळतं. पण प्लॅन फसला म्हणून सुपरवायझरने "उद्यापासून येऊ नको" म्हणायचं नाही. कामगार या व्याख्येत बसणाऱ्याला काढायची कायद्याची पद्धत आहे, पूर्वी १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा होता, आता २०२० ची औद्योगिक संबंध संहिता, आणि काम न जमणं आणि गैरवर्तन या दोन्हीच्या वाटा वेगळ्या आहेत. ते मालकाने आणि लेबर कन्सल्टंटने बघायचं. तुमचं काम खरी नोंद ठेवण्याचं.

एप्रिलपासून एक वही करा. दर शनिवारी दहा मिनिटं, ज्याचं काही वेगळं दिसलं त्याच्या नावापुढे एक ओळ, चांगलं आणि वाईट दोन्ही. नुसतं वाईट लिहाल तर दोन महिन्यांत सगळ्यांना कळेल की साहेबाची काळी वही आहे. प्रत्येकाशी मिळून तीनच टार्गेट ठरवा, ड्रकरने १९५४ मधे उद्दिष्टं ठरवून काम करण्याची कल्पना मांडली तेव्हापासून लोक पंधरा-पंधरा केआरए (कामाची मुख्य उद्दिष्टं) लिहीत आलेत आणि पंधरातला एकही कोणाला पाठ नसतो. नुसत्या नगाचं टार्गेट मात्र पॅकिंगमधे देऊ नका. खोकी किती भरली याच्यावर पैसे ठेवले की रिजेक्शन लपायला लागतं, संशयास्पद स्ट्रिप गुपचूप पुढे सरकते, आणि औषधाच्या धंद्यात ते परवडणारं नाही. नगाबरोबर क्यूएला सापडलेल्या चुका धरा, आणि ज्याने स्वतःहून लाइन थांबवून चूक सांगितली त्याला त्याचे मार्क मिळू देत. मधे दोनदा बसा, एकदा चवथीनंतर आणि एकदा नाताळच्या आधी, प्रत्येकी पंधरा मिनिटं पुरतात.

यंदापुरतं, मार्च संपायला दिवस थोडे राहिलेत आणि मालक फॉर्म बदलणार नसेल तर तोच फॉर्म भरा, भांडत बसू नका. प्रत्येक फॉर्मच्या मागे तुमचा तारखांचा कागद स्टेपल करा, बजेटचा हिशेब वेगळ्या पानावर द्या, आणि १ च्या रकान्यात नाव न टाकता शेजारी लिहा की या मार्काला लेखी आधार सापडला नाही.